ताकद एक, हुकूम निराळे

तिसऱ्या वेताची संकरित गाय सायंकाळी व्याली. वासरू ठणठणीत, जार वेळेवर पडली, कास तट्ट भरलेली. पहाटे घरच्यांनी चिकाची बादली भरून काढली, खरवसासाठी दोन-चार घरी चीक पोचला. दुपारी गाय गोठ्यात बसली ती बसलीच. उठवायला गेलं तर मागचे पाय साथ देईनात. मान वळवून तिनं कुशीत घातली. कान गार, नाकपुडी कोरडी, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, पोट फुगलेलं, शेण बंद, रवंथ बंद. बिदरजवळच्या कोळारपासून भालकी, औराद, बसवकल्याणपर्यंत आणि सीमेपलीकडं उदगीर-देवणीपर्यंत कुठल्याही पशुवैद्यकाला हा फोन ओळखीचा आहे : ‘डॉक्टर, गाय उठंना झालीय.’ तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘कधी व्याली? कितवं वेत?’

उत्तरातच निम्मं निदान होतं. हा दुग्धज्वर. डॉक्टर कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची साडेचारशे मिलीलिटरची बाटली कोमट करतात, मानेच्या शिरेत सुई लावतात आणि थेंब अगदी सावकाश सोडतात. एक हात बाटलीवर, दुसऱ्या हातातला स्टेथोस्कोप गायीच्या छातीवर. सुरुवातीला हृदयाचे ठोके जलद पण पुसट येत असतात, कान देऊनही नीट ऐकू येत नाहीत. बाटली निम्मी होते तसे ते संथ आणि ठसठशीत होऊ लागतात. मग अंगावर थरथर उमटते. गाय ढेकर देते, शेण टाकते, कोरड्या नाकपुडीवर घामाचे बारीक मणी दिसू लागतात. बहुतेक गायी तास-दोन तासांत स्वतःच्या पायांवर उभ्या राहतात.

त्या बाटलीत कॅल्शियम असतं जेमतेम आठ-नऊ ग्रॅम. चारशे किलोचं जनावर उभं करण्याचं बळ एवढ्याशा क्षारात नसतं. ते बळ गायीच्या स्नायूंमध्ये आधीपासून होतंच. स्नायू शाबूत होते, त्यांना लागणारं इंधनही होतं. नव्हता तो आकुंचनाचा हुकूम. प्राण्यांच्या शरीरात ताकद निर्माण करणारी प्रथिनं जवळपास सगळीकडं तीच आहेत. पायात, हृदयात, आतड्यात, माशीच्या पंखात, शिंपल्याच्या आत तीच जोडी काम करते. त्या ताकदीला हुकूम कसा पोचतो, हे मात्र प्रत्येक ठिकाणी निराळं आहे. हा फरक नीट कळला, की बसलेल्या गायीचं प्रत्येक लक्षण उलगडतं आणि आपल्या घरातल्या काही औषधांचं कामही समजतं.

ओढणारी जोडी

देवणी जातीचा बैल हा या भागाचा अभिमान. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे त्याचे तीन प्रकार, आणि तिन्ही ओढकामाला खंबीर. काळ्या चिकट जमिनीत औत ओढताना त्याच्या मांडीचा जो स्नायू टरारून दिसतो, तो केसाहून बारीक अशा हजारो पेशींचा जुडगा असतो. प्रत्येक पेशीत लांबीभर एकाला एक जोडलेले छोटे कप्पे असतात. अशा एका कप्प्याची लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाच्या आसपास. शास्त्रज्ञ त्याला सार्कोमिअर म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कप्पे गडद-फिकट पट्ट्यांसारखे दिसतात, म्हणून शाळेच्या पुस्तकात या स्नायूला पट्टकी स्नायू म्हटलेलं असतं.

प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे तंतू एकमेकांत शिरलेले असतात. जाड तंतू मायोसिन या प्रथिनाचे, बारीक तंतू ॲक्टिनचे. एका जाड तंतूत मायोसिनचे सुमारे तीनशे रेणू असतात आणि प्रत्येक रेणूला बाहेर डोकावणारी दोन डोकी असतात. हे डोकं ॲक्टिनला धरतं, वाकतं, त्याला मिलिमीटरच्या एक लाखाव्या हिश्श्याएवढं पुढं सरकवतं आणि सोडतं. सोडून पुन्हा पुढची जागा धरायला त्याला एटीपी या इंधनाचा एक रेणू लागतो. विहिरीतून घागर वर काढताना दोन्ही हात एकाच वेळी दोर सोडत नाहीत. एक धरतो तेव्हा दुसरा पुढची पकड घेतो. मायोसिनची शेकडो डोकीही अशीच आळीपाळीनं धरतात आणि सोडतात, म्हणून ओझं मागं घसरत नाही. तंतू स्वतः आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. हजारो कप्पे एकाच वेळी किंचित आखूड झाले, की बैलाचा पाय उचलला जातो.

ही गोष्ट माणसाला कळायला बराच काळ लागला. मायोसिनला नाव मिळालं १८६४मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूना याच्याकडून. पण बरीच वर्षं ते स्नायूतलं एक प्रथिन एवढीच त्याची ओळख होती. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला, महायुद्ध चालू असताना, हंगेरीतल्या सेगेद इथं आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी स्नायूतून काढलेल्या प्रथिनांचे धागे केले आणि त्यांवर एटीपी टाकलं. निर्जीव धागे बघता बघता आखडले. हालचाल ही सजीवांची सर्वांत जुनी खूण, आणि ती काचेच्या भांड्यात पेशीविना घडली होती. त्याच प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी ॲक्टिन वेगळं केलं. मग १९५४मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचा आपसात काही संबंध नव्हता आणि दोन्ही जोड्यांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की तंतू सरकतात.

एटीपी संपलं, की डोकं सुटत नाही. मेलेलं जनावर काही तासांत ताठतं ते यामुळंच. पकड घ्यायला नव्हे, पकड सोडायला इंधन लागतं. म्हणजे जिवंत स्नायूपुढचा अवघड प्रश्न ओढायचं कसं हा नाही. इंधन भरपूर आणि दोन्ही तंतू शेजारी असतानाही ओढायचं नाही, गप्प राहायचं, हा आहे.

लंडनच्या नळाचं पाणी

या प्रश्नाचा पहिला धागा हाती लागला तो १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला, लंडनमध्ये. सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत होते. त्यांचं द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवलं गेलं होतं. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात ठोके क्षीण होत होत थांबत. नळाच्या पाण्यात मात्र चालू राहत. नळाच्या पाण्यात अधिक होतं ते मुख्यतः कॅल्शियम. आज दवाखान्यात लावली जाणारी रिंगर लॅक्टेटची सलाईन त्यांच्याच नावाची.

पण एक विसंगती उरली. हृदय कॅल्शियमशिवाय थांबतं, तर पायाचा स्नायू त्याच कॅल्शियमविरहित द्रावणात बराच वेळ आकुंचन पावत राहतो. मग पायाच्या स्नायूला कॅल्शियम लागतच नाही का? १९४७मध्ये हाइलब्रुन आणि विएर्चिन्स्की यांनी स्नायूपेशीच्या आतच कॅल्शियम टोचलं आणि ती आखडली. म्हणजे लागतं, पण ते आतून यायला हवं.

कोडं सोडवलं टोकियोच्या सेत्सुरो एबाशी यांनी. शुद्ध केलेलं मायोसिन आणि ॲक्टिन कॅल्शियमची पर्वाच करत नव्हतं. एटीपी मिळालं की ते आकुंचन पावे. स्नायूतून थेट काढलेल्या, कमी शुद्ध मिश्रणाला मात्र कॅल्शियम हवं असे. त्या ‘अशुद्धी’तच गुपित होतं. एबाशींनी त्यातून एक नवं प्रथिन वेगळं केलं आणि १९६५मध्ये त्याला नाव मिळालं ट्रोपोनिन.

ट्रोपोनिनचं काम असं आहे. बारीक तंतूच्या लांबीवर ट्रोपोमायोसिन नावाची प्रथिनाची दोरी पसरलेली असते. ती ॲक्टिनवरच्या नेमक्या त्याच जागा झाकते, जिथं मायोसिनचं डोकं धरणार असतं. ट्रोपोनिन या दोरीवर ठरावीक अंतरावर बसलेलं असतं. विश्रांतीच्या वेळी पेशीत कॅल्शियम बाहेरच्या रक्ताच्या दहा हजार पटींनी कमी असतं. ते दहापट-शंभरपट वाढलं, की ट्रोपोनिनला चिकटतं, ट्रोपोनिन आपला आकार बदलतं, दोरी सरकते आणि जागा उघड्या पडतात. डोकी कामाला लागतात. कॅल्शियम उपसून परत साठ्यात टाकलं, की दोरी पुन्हा जागेवर येते आणि स्नायू सैल पडतो. हा उपसा करणारे पंपही एटीपीवरच चालतात. सैल पडणं हीदेखील मेहनत आहे.

तीन स्नायू, तीन वाटा

कॅल्शियम हा हुकूम सगळीकडं सारखाच. तो कुठून येतो आणि कुणाला सांगितला जातो, यात स्नायूंचे प्रकार वेगळे होतात.

हातापायांच्या पट्टकी स्नायूपेशीत कॅल्शियमचा स्वतःचा साठा असतो. मज्जातंतूचा संदेश आला, की पेशीच्या पडद्यातलं एक प्रथिन हलतं आणि साठ्याचं दार थेट उघडतं. बाहेरच्या रक्तातलं कॅल्शियम आत यावं लागत नाही. रिंगरच्या द्रावणात पायाचा स्नायू चालू राहत होता तो म्हणूनच.

हृदयस्नायूतही साठा असतो, ट्रोपोनिनही असतं. पण तो साठा उघडायला दर ठोक्याला थोडं कॅल्शियम बाहेरून यावं लागतं. बाहेरून आलेल्या थोड्यानं आतलं पुष्कळ सुटतं. त्यामुळं हृदय रक्तातल्या कॅल्शियमवर अवलंबून राहतं आणि ते किती येऊ द्यायचं यावर ठोक्याचा जोर कमी-जास्त करता येतो. घाबरल्यावर छाती धडधडते, तेव्हा अॅड्रेनालिन हेच करत असतं.

तिसरा अपट्टकी स्नायू. आतडी, जठर, गर्भाशय, रक्तवाहिन्या, श्वासनलिका, मूत्राशय, डोळ्याची बाहुली या साऱ्यांच्या भिंतींत तो असतो. त्याच्यात ट्रोपोनिनच नाही. इथं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, ते एका विकराला जागं करतं आणि तो विकर मायोसिनच्याच अंगावर फॉस्फेट चिकटवतो. तेव्हा कुठं मायोसिन ॲक्टिनला धरतं. म्हणजे पट्टकी स्नायूत कुलूप बारीक तंतूवर आहे, अपट्टकी स्नायूत ते जाड तंतूवर आहे. या वाटेला वेळ लागतो, पण फायदा मोठा. एकदा ताणला की हा स्नायू फार थोड्या इंधनात तासन्‌तास ताण धरून ठेवू शकतो. रक्तवाहिन्यांची भिंत जन्मभर न थकता दाब सांभाळते ती या गुणावर.

आता गोठ्यात बसलेल्या गायीकडं पाहू. दहा लिटर चिकात सुमारे तेवीस ग्रॅम कॅल्शियम जातं. गायीच्या सगळ्या रक्तरसात एका वेळी असतं जेमतेम तीन ग्रॅम. व्याल्यावर एका रात्रीत शरीराकडून कित्येक पट मागणी होते. हाडांत कॅल्शियमचा प्रचंड साठा आहे, पण तो मोकळा करणारं संप्रेरक पूर्ण कामाला लागायला एक-दोन दिवस घेतं, आणि वय वाढेल तसं ते आणखी मंदावतं. म्हणून पहिलारू गायीला हा आजार सहसा होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेतानंतरच्या, भरपूर दूध देणाऱ्या गायी-म्हशींना होतो. रक्तातलं कॅल्शियम डेसिलिटरला नऊ-दहा मिलिग्रॅमवरून पाचच्याही खाली उतरतं.

मग प्रत्येक स्नायू आपापल्या वाटेनं थकतो. जठराचा आणि आतड्याचा अपट्टकी स्नायू बाहेरच्या कॅल्शियमवर बराचसा अवलंबून, म्हणून रवंथ थांबतं, पोट फुगतं, शेण येत नाही. बाहुलीचा स्नायू सैल, म्हणून बाहुल्या मोठ्या. व्यायच्या आधीच कॅल्शियम उतरलं तर गर्भाशयाला कळा घेता येत नाहीत आणि वासरू अडतं. हृदयाला दर ठोक्याला लागणारा वाटा मिळत नाही, म्हणून ठोका पुसट. कमी पडणारा जोर भरून काढायला तो जलद होतो. पायांच्या स्नायूंचा स्वतःचा साठा मात्र शाबूत असतो. मग पाय का उचलत नाहीत? कारण संदेश स्नायूपर्यंत पोचतच नाही. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं तेव्हा हुकूम पुढं जातो, आणि ते सुटायला बाहेरचं कॅल्शियम लागतं. बर्नार्ड कॅट्झ यांनी १९५०च्या दशकात हे दाखवलं आणि १९७०च्या नोबेल पुरस्कारात त्या कामाचा वाटा होता.

एकाच कमतरतेचं रूप प्राण्यागणिक पालटतं. पिलांना पाजणाऱ्या कुत्रीचं कॅल्शियम उतरलं, तर ती लुळी पडत नाही, उलट ताठते आणि झटके देते. कॅल्शियम कमी झाल्यावर मज्जातंतू चिडखोर होऊन आपोआप संदेश सोडू लागतात. कुत्रीत आणि माणसात हा परिणाम वरचढ ठरतो, गायीत टोकाशी संदेश अडण्याचा.

बाटली सावकाश का सोडायची, याचं उत्तरही इथंच आहे. पाय आणि जठर ज्या कॅल्शियमची वाट पाहतात, त्याचा लोंढा एकदम हृदयावर आला, तर ठोका विस्कटून जनावर जागीच दगावतं. बाटली चढवताना डॉक्टरांचा कान छातीवर असतो तो यासाठी. आणि बसलेल्या गायीला चुन्याची निवळी किंवा काढा नळीनं पाजू नये. गिळायचे स्नायूही ढिले पडलेले असतात, पाजलेलं थेट फुप्फुसात जातं. डॉक्टर येईपर्यंत तिला पोटावर नीट बसतं ठेवावं, खाली गवताचा जाड थर द्यावा आणि काही वेळानं कूस पालटावी. एवढं केलं तरी मोठा उपकार होतो.

या आजाराचं कारण सापडायच्या आधीही उपचार होता. १८९७मध्ये डेन्मार्कच्या श्मिट यांनी कासेत औषध भरून गायी बऱ्या केल्या. पुढं नुसती हवा भरूनही त्या उठू लागल्या, कारण कास भरली की दूध उतरायचं थांबतं आणि कॅल्शियमची गळती थांबते. १९२५मध्ये एडिनबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी मूळ कारण कॅल्शियमची कमतरता असल्याचं सांगितलं. आजही दुग्धज्वरातून उठलेल्या गायीची कास लगेच रिकामी करू नका असं डॉक्टर सांगतात, ते त्याच अनुभवावर.

बिदरच्या नंदीनगरात २००४च्या कायद्यानं स्थापन झालेलं कर्नाटकचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे आणि या भागात संकरित गायींचं दूध घरोघरचा आधार झालं आहे. म्हणून एक गोष्ट इथल्या प्रत्येक गोठ्यात पोचायला हवी. गाय आटल्यावर, व्यायच्या आधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत, ताकद यावी म्हणून तिला भरमसाट कॅल्शियम चारू नये. खाण्यातून आयतं मिळत गेलं, की हाडांतून ते काढायची शरीराची सवय मोडते आणि नेमक्या गरजेच्या रात्री ती यंत्रणा झोपलेली राहते. कॅल्शियमचा आधार द्यायचा तो व्याल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

शिंपला आणि मधमाशी

गोव्यात तिसऱ्या किंवा शिणाणे शिजवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, की जिवंत शिंपला हातानं उघडत नाही. त्याची दोन झाकणं आवळून धरणारा स्नायू तासन्‌तास ताठ राहतो आणि त्यासाठी इंधन जवळपास लागतच नाही. इथंही मायोसिन आणि ॲक्टिनच आहे. पण शिंपल्यांच्या वर्गात कॅल्शियम थेट मायोसिनलाच चिकटतं. हा शोध १९७०मध्ये सेंट-ज्यॉर्जी यांचे चुलतभाऊ अँड्र्यू यांच्या गटानं लावला. घट्ट धरलेली पकड कॅल्शियम उतरल्यावरही टिकते. ती सोडवायला सेरोटोनिनचा वेगळा संदेश यावा लागतो.

दुसरं टोक मधमाशीचं. तिचे पंख सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा हलतात. इतक्या वेगानं कॅल्शियम सोडणं आणि उपसणं कुठल्याही पेशीला जमणार नाही. म्हणून मधमाशी, माशी, डास यांच्या पंखस्नायूत कॅल्शियम सतत थोडं चढतं ठेवलेलं असतं आणि ठोक्याचा हुकूम येतो ताणातून. पंख वर नेणारा स्नायू आखडला, की छातीचा सांगाडा खाली नेणाऱ्या स्नायूला ताणतो. तो ताणच त्याला आकुंचनाला लावतो, आणि मग उलट. केंब्रिजच्या जॉन प्रिंगल यांनी १९४९मध्ये दाखवलं, की मज्जातंतूचे संदेश पंखांच्या ठोक्यांपेक्षा खूप कमी असतात. टोळाचं मात्र असं नाही. त्याच्या प्रत्येक फडफडीला एक संदेश लागतो.

पक्ष्यांच्या उड्डाणस्नायूंचा पायाभूत अभ्यास आपल्याजवळच, सयाजीरावांच्या बडोद्यात झाला. तिथल्या विद्यापीठात जे. सी. जॉर्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५०च्या दशकात कबुतराच्या छातीचा स्नायू तपासला. त्यात दोन तऱ्हेचे तंतू आहेत. बारीक लाल तंतू चरबी जाळून लांब उडतात, जाड पांढरे तंतू साखर जाळून क्षणात झेप घेतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात के. विजयराघवन यांनी फळमाशीचे पंखस्नायू कसे घडतात यावर आयुष्यभर काम केलं.

घरातल्या गोळ्या, गावचा विंचू

रक्तदाबाची अॅम्लोडिपिन ही गोळी आज घरोघरी आहे. ती रक्तवाहिन्यांच्या अपट्टकी स्नायूत बाहेरून येणारं कॅल्शियम अडवते. वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. तीच गोळी घेऊन माणूस शेतात नांगर धरू शकतो, कारण दंडाच्या स्नायूला बाहेरचं कॅल्शियम लागतच नाही. दम्याचा पंप श्वासनलिकेच्या अपट्टकी स्नायूची पकड ढिली करतो. दोन्ही औषधं ताकदीला हात लावत नाहीत, हुकमाची वाट बदलतात.

हे तत्त्व महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे वापरलं गेलं ते रायगड जिल्ह्यातल्या महाडला. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना बंदच होऊ देत नाही. अॅड्रेनालिनचा आणि त्याच्या भावंडांचा पूर येतो. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम सुटत राहतं, त्या आवळतात, हृदय आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून थकतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर तालुक्याच्या ठिकाणी हे मृत्यू रोज पाहत होते. त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरायला सुरुवात केली. ते वाहिनीच्या स्नायूवरचा नेमका तोच हुकूम अडवतं. १९८६मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीव्र विषबाधेतलं मृत्यूचं प्रमाण आधी २५ ते ३० टक्के होतं, ते एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांची मुलं विंचवाच्या दंशातून परत आली, त्यांच्या मनात बावस्करांची जागा त्याहून मोठी आहे.

हृदयाचा वारसा

छातीत दुखू लागलं, की कलबुर्गीच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ट्रोपोनिनची तपासणी लिहून दिली जाते. एबाशींनी शोधलेलंच ते प्रथिन. हृदयातलं ट्रोपोनिन हातापायांतल्यापेक्षा थोडं वेगळ्या घडणीचं असतं. म्हणून ते रक्तात दिसलं, तर हृदयाची पेशी फुटली आहे हे कळतं. दिवसभर ऊस तोडून अंग ठणकत असलं, तरी घोटाळा होत नाही.

आपल्या लोकांशी याहून जवळचा संबंध आहे तो जाड तंतूवरच्या आणखी एका प्रथिनाचा, मायोसिनला बांधून राहणाऱ्या प्रथिन ‘सी’चा. ते मायोसिनच्या डोक्यांना आवर घालतं आणि प्रत्येक ठोक्याचा जोर जुळवतं. पेरुंदुरै धंदापाणी आणि हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातले के. थंगराज यांनी सहकाऱ्यांसह २००९मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवलं, की या प्रथिनाच्या जनुकातली २५ अक्षरं गळालेलं एक रूप सुमारे चार टक्के भारतीयांत आहे. ही अक्षरं प्रथिनाच्या मजकुराबाहेरची असतात, पण ती नसली की पेशी जनुक वाचताना पुढचा एक आवश्यक तुकडा वगळते आणि प्रथिनाचं टोक बिघडतं. ज्यांना हे रूप एकाच पालकाकडून मिळतं, ते बहुतेक उमेदीची वर्षं निरोगी काढतात. चाळिशीनंतर हृदय निकामी होण्याचा धोका मात्र त्यांना इतरांपेक्षा बराच जास्त. दोन्ही पालकांकडून आलं, तर आजार लहानपणीच तीव्र असतो. त्रास उशिरा सुरू होतो, तोवर मुलंबाळं झालेली असतात, म्हणून हे रूप हजारो वर्षं पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलं.

आजवर औषधं हुकमाच्या वाटेवर काम करत आली. २०२२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं मावाकॅम्टेन हे औषध थेट हृदयाच्या मायोसिनवर काम करतं आणि एका वेळी कामाला लागणाऱ्या डोक्यांची संख्या कमी करतं. हृदयाची भिंत जाड होऊन रक्ताची वाट अडवते, अशा रुग्णांसाठी ते आहे. ते सर्वांच्या आवाक्यात यायला वेळ लागेल. तोवर करण्यासारखं एक काम मात्र बिदरमध्ये, लातूरमध्ये, कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतं. घराण्यात कुणी तरणंताठं माणूस खेळताना, पळताना किंवा झोपेत अचानक गेलं असेल, किंवा दोन-तीन जणांचं हृदय पन्नाशीच्या आत मोठं झालं असेल, तर ‘त्याचं आयुष्यच तेवढं’ म्हणून ते सोडून देऊ नये. सख्ख्या भावंडांची आणि मुलांची इकोकार्डिओग्राफी एकदा करून घ्यावी, आणि डॉक्टरांना घरातला मृत्यू स्वतःहून सांगावा. त्या तपासणीत वेळेवर सापडलेल्या हृदयाला आज औषधं आहेत, धोक्याचे श्रम टाळण्याचा सल्ला आहे आणि गरज पडली तर ठोका सांभाळणारं यंत्रही आहे.